घाटाचा उतार आणि जोडगाडीचा गिअर

मालमोटार चढावर दमते आणि उतारावर विसावते, असा सर्वसाधारण समज आहे. एंजिनापुरता विचार केला तर तो खोटा नाही. चढावर एंजिन पूर्ण भाराने घुमत असते आणि उतारावर त्याचा आवाजही ऐकू येत नाही. परंतु चालकाच्या बाबतीत नेमके उलटे आहे. चढावर चूक झाली तर गाडी थांबते. उतारावर चूक झाली तर ती थांबत नाही. मागे भरलेला ट्रेलर जोडलेला असला म्हणजे या दुसऱ्या चुकीची किंमत फार मोठी होते. म्हणून डिझेल एंजिन, हाताने बदलावयाचे गिअर आणि मागचा ट्रेलर या तिघांचा परस्परसंबंध समजून घेताना आपण उताराकडेच अधिक लक्ष देणार आहोत.

प्रथम गाडीची ओळख करून घेऊ. जोडगाडीचा पुढचा, ओढणारा भाग म्हणजे ट्रॅक्टर. चालकमंडळी त्याला ‘घोडा’ म्हणतात आणि ते नाव समर्पक आहे. त्याच्या पाठीवर एक जाड, वंगण लावलेली पोलादी थाळी असते, तिला फिफ्थ व्हील म्हणतात. ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली असलेली किंगपिन नावाची खुंटी या थाळीच्या खाचेत अडकते व कुलूप बसते. ट्रेलरचा पुढचा भार घोड्याच्या पाठीवर आणि मागचा भार त्याच्या स्वतःच्या चाकांवर पडतो. दोन रबरी नळ्या घोड्यातून ट्रेलरकडे दाबलेली हवा नेतात. एक नळी ट्रेलरच्या टाकीत हवेचा साठा भरीत राहते. दुसरी ब्रेक लावण्याची आज्ञा पोचविते. साठ्याची नळी तुटली वा निसटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. हवा गेली की ब्रेक सुटण्याऐवजी लागावा, ही कल्पना मूळची रेल्वेची असून जॉर्ज वेस्टिंगहाउस याने ती १८७२ मध्ये प्रत्यक्षात आणली.

आता एक उदाहरण घेऊ. गाडीचे मालासह एकूण वजन ४० टन, एंजिन ६ लिटरचे व १८० अश्वशक्तीचे, आणि उतार १० किलोमीटर लांबीचा, दर २० मीटरला १ मीटर उतरणारा. म्हणजे एकंदर उंची ५०० मीटर. पुण्याहून मुंबईकडे येताना खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत बोरघाटात साधारण एवढीच उंची उतरावी लागते, तेव्हा हे उदाहरण काही कागदावरचेच नव्हे.

घाटमाथ्यावर उभ्या असलेल्या या गाडीत तिच्या उंचीमुळे साठलेली ऊर्जा सुमारे १९ कोटी ६० लाख ज्यूल भरते. पायथ्याशी पोचून गाडी थांबली की ही सारी ऊर्जा संपलेली असते. परंतु ऊर्जा नाहीशी होत नसते. ती उष्णतेच्या रूपाने कोठेतरी गेलेली असते. ही उष्णता किती, याची कल्पना येण्यासाठी असे समजावे की, तीस अंशांवरचे सुमारे ६७० लिटर पाणी तिने उकळीला येईल. टायरांच्या रस्त्यावरील लोटणीत यापैकी सुमारे सातवा हिस्सा खर्च होतो. हळू चालणाऱ्या गाडीला हवेचा विरोध नगण्य. उरलेली जवळजवळ १७ कोटी ज्यूल ऊर्जा चालकाने कोठे टाकावयाची, हाच घाट उतरण्याचा सारा प्रश्न आहे.

ती सर्व ब्रेकांत टाकली तर काय होईल? गाडीला दहा ब्रेक-ड्रम आहेत व प्रत्येकाचे वजन ५० किलोग्रॅम आहे असे धरू. अर्धा टन बिडाचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे अडीच लाख ज्यूल लागतात. म्हणजे वाटेत ड्रम मुळीच निवले नाहीत, तर त्यांचे तापमान ६८० अंशांनी वाढेल. बीड त्या तापमानाला अंधारात लालसर दिसते. प्रत्यक्षात वाऱ्याने ड्रम काही अंशी निवतात हे खरे. परंतु ब्रेकचे अस्तर त्याच्या कितीतरी आधीच निकामी होऊ लागते. तापलेल्या अस्तराची पकड कमी होते. शिवाय ड्रम तापून प्रसरण पावतो आणि आतल्या पट्ट्यांपासून दूर सरकतो. त्यामुळे पट्ट्यांना अधिक अंतर चालून जावे लागते आणि अखेरीस त्यांची धाव संपते. चालक पेडल पूर्ण दाबून बसलेला असतो, हवेचा दाबही पुरेसा असतो, कोणताही भाग मोडलेला नसतो, आणि तरीही गाडी थांबत नाही. अपघातानंतर ‘ब्रेक निकामी झाला’ असे म्हटले जाते, तेव्हा पुष्कळदा एवढेच घडलेले असते. दुसऱ्या दिवशी थंड झालेला तोच ब्रेक तपासला तर तो चांगला असल्याचे आढळते.

यास्तव ब्रेक हा गाडी थांबविण्यासाठी राखून ठेवावा आणि तिला सावरून धरण्याचे काम एंजिनाकडे सोपवावे. एंजिन हे काम कसे करते, याविषयी मात्र बराच गैरसमज आहे.

रुडॉल्फ डिझेल याचे पहिले यशस्वी एंजिन जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९७ मध्ये चालले. त्याचे वैशिष्ट्य असे की, सिलिंडरात केवळ हवा घेऊन ती इतकी दाबावयाची की तिच्याच उष्णतेने आत फवारलेले इंधन पेटावे. आजच्या मालमोटारींत हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शाइतकी दाबली जाते. तेव्हा साहजिकच वाटते की, चाकांनी एंजिन फिरविले की एवढी हवा दाबण्यातच गाडीची शक्ती खर्ची पडत असावी. पण तसे होत नाही. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते. दट्ट्या वर जाताना ती जेवढी ऊर्जा घेते, तेवढीच, थोडी उष्णता वगळता, दट्ट्या खाली येताना परत करते. पेट्रोलच्या एंजिनात पाय उचलला की हवेची वाट बंद होते आणि सिलिंडरांना निर्वात ओढीत फिरावे लागते, म्हणून त्याचा अडसर बऱ्यापैकी असतो. डिझेल एंजिनात हवेची वाट अशी आवळली जात नाही. परिणामी जे एंजिन ओढण्यास इतके दणकट, ते मागे खेचण्यास मुळात दुबळे असते. घर्षण आणि हवा आत-बाहेर करण्याचे श्रम, एवढीच त्याची पुंजी.

ही उणीव भरून काढण्याचा साधा उपाय म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीत एक झडप बसविलेली असते. ती मिटली की दट्ट्यांना बाहेर जाणारी हवा दाबाविरुद्ध ढकलावी लागते. दुसरा उपाय अधिक कल्पक आहे व त्याचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील डिझेल एंजिनांचे निर्माते क्लेसी कमिन्स हे १९३१ मध्ये डिझेल एंजिन बसविलेली मालमोटार घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसकडे निघाले होते. कॅलिफोर्नियातील केहॉन खिंड उतरताना त्यांच्या गाडीचे ब्रेक तापून निकामी झाले. खाली रेल्वेचे फाटक होते आणि रुळांवरून मालगाडी जात होती. ती पार होते न होते तोच यांची गाडी रुळांवरून गेली. हा प्रसंग कमिन्स विसरले नाहीत. पुढे निवृत्तीनंतर त्यांनी अशी योजना तयार केली की, हवा पूर्ण दाबली गेल्याक्षणी बाहेरची झडप उघडावी आणि ती हवा सोडून द्यावी. स्प्रिंग आवळावयाची आणि आवळून होताच तोडून टाकावयाची, असाच हा प्रकार. घेतलेली ऊर्जा परत मिळत नाही, आणि एंजिन हे खऱ्या अर्थाने ब्रेक बनते. १९६१ पासून हे साधन बाजारात आले.

आपल्या उदाहरणातल्या गाडीला साधा एक्झॉस्ट ब्रेक आहे असे समजू. ६ लिटरचे एंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर घर्षण आणि एक्झॉस्ट ब्रेक मिळून ते ढोबळ मानाने ६६ किलोवॅट शक्ती गिळू शकेल. आता गाडी ताशी २० किलोमीटर वेगाने उतरली तर घाट अर्ध्या तासात संपतो आणि दर क्षणी ९४ किलोवॅट शक्तीची विल्हेवाट लावावी लागते. ताशी ४० ने उतरली तर वेळ निम्मा होतो आणि शक्ती दुप्पट, म्हणजे १८८ किलोवॅट. परंतु ताशी १४ किलोमीटर वेग ठेवला तर नेमके ६६ किलोवॅट पुरतात. अर्थात ब्रेकला पाय न लावताही गाडी त्या वेगाला स्थिर राहते आणि वळणावर एकाएकी थांबावे लागले तर ड्रम थंडच असतात. एकूण उष्णता तिन्ही वेळा सारखीच आहे. फरक आहे तो ती किती वेळात काढावयाची याचा. घाई करणारा चालक बारा-तेरा मिनिटे वाचवितो आणि त्या मोबदल्यात सर्व जादा उष्णता ब्रेकांच्या माथी मारतो.

एंजिनाची ही गिळण्याची शक्ती त्याच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. म्हणून खालचा गिअर. वरच्या गिअरमध्ये त्याच वेगाला एंजिन सावकाश फिरते आणि जवळजवळ काहीच धरून ठेवीत नाही.

‘ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा’ असा एक जुना नियम चालकांच्या तोंडी आहे. तो शहाणपणाचा आहे, परंतु तो कोणत्या काळातला आहे हे ध्यानात घेतले पाहिजे. हीच ४० टनांची गाडी हाच घाट चढू लागली, तर तिला सुमारे २२,४०० न्यूटन बलाने ओढावे लागेल. एंजिन १०० अश्वशक्तीचे असते तर ती ताशी साडेदहा किलोमीटरनेच चढली असती, आणि त्या गिअरने उतरताना एंजिनाने तिला खुशाल धरून ठेवले असते. १८० अश्वशक्तीचे एंजिन तिला ताशी १९ किलोमीटरने वर नेते. पण ६ लिटरच्या एंजिनाची धरून ठेवण्याची शक्ती काही त्या प्रमाणात वाढलेली नाही. टर्बोचार्जरने अश्वशक्ती वाढते, घर्षण तेवढे वाढत नाही. तेव्हा चढताना तिसरा गिअर पुरला म्हणून उतरतानाही तिसराच घेणारा चालक नियम पाळूनही फसतो. आजच्या गाडीस जुना नियम लावावयाचा तर चढावर लागला त्याहून एक गिअर खाली, असा तो वाचावा. ज्या गाडीत झडप उघडणारा एंजिन-ब्रेक किंवा रिटार्डर आहे तिची गोष्ट वेगळी.

गिअर कोणता, याइतकेच तो केव्हा घ्यावयाचा हे महत्त्वाचे आहे. गिअर उताराच्या आधी, माथ्यावर घ्यावा. याचे कारण आकड्यांनीच स्पष्ट होईल. तिसऱ्या गिअरचे प्रमाण ३ आणि दुसऱ्याचे ५ आहे असे समजा. ताशी १४ किलोमीटर वेगाला मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट मिनिटाला ४८० फेऱ्या घेतो. म्हणजे तिसऱ्यात एंजिन १,४४० फेऱ्यांवर असते आणि दुसऱ्यात ते २,४०० वर यावे लागते. हा फरक भरून काढण्यासाठीच डबल क्लच करण्याची रीत आहे. क्लच दाबून गिअर मोकळा करावा. क्लच सोडून एंजिनाचा वेग पेडलाने वाढवावा. पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर बसवावा. दातांचे वेग जुळले की गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसतो. सिंक्रोमेश असलेल्या पेटीत हे काम पितळी कड्या करतात. परंतु अवजड गाडीत त्यांनाही थोडे साहाय्य केलेले बरे.

आता असे समजा की चालक माथ्यावर विसरला, तिसऱ्यातच उतरू लागला, आणि गाडी ताशी ३० ला पोचल्यावर त्याला दुसरा गिअर आठवला. शाफ्ट आता १,०३० फेऱ्या घेत आहे. दुसरा गिअर बसावयाचा तर एंजिन ५,१५० फेऱ्यांवर हवे. परंतु या एंजिनाचा गव्हर्नर त्याला २,७०० च्या वर जाऊच देत नाही. कितीही कुशल हात असला तरी हा गिअर बसणे शक्य नाही. दात नुसते करकरतात. आणि जोराने बसलाच, तर ती अधिक मोठी आपत्ती. गव्हर्नर फक्त इंधन तोडू शकतो. चाकेच एंजिनाला फिरवीत असतील तर त्यांना तो अडवू शकत नाही, आणि झडपा व दट्ट्या एकमेकांवर आदळून एंजिन फुटते. बहुधा तसे होत नाही. बहुधा तिसरा सुटलेला असतो, दुसरा बसत नाही, आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. या उतारावर मोकळी सुटलेली गाडी ताशी २० वरून अर्ध्या मिनिटात ताशी ६५ किलोमीटरला जाते. त्या वेगाला तिसराही परत बसत नाही.

हे अनवधानाने झाले. परंतु मुद्दाम न्यूट्रल करून, क्वचित् एंजिनही बंद करून उतार उतरण्याची पद्धत आपल्या देशात अद्याप आहे, आणि तिचे समर्थन डिझेलची बचत या एका शब्दाने केले जाते. तामिळनाडूत धर्मपुरी जिल्ह्यातील तोप्पूर घाट याच कारणासाठी वारंवार चर्चेत येतो. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा महामार्ग तर घाटासारखा दिसतही नाही. तो लांब आणि सौम्य आहे, आणि म्हणूनच फसवा आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तेथे एका अवजड वाहनाने पुढच्या कित्येक मोटारींना ओळीने ठोकरले. एंजिन बंद ठेवून ते उताराने सोडले होते, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांत पोलिसांच्या हवाल्याने आले होते.

बचतीचा हिशेब एकदा नीट करून पाहण्यासारखा आहे. गाडी गिअरमध्ये असून पाय पेडलावरून उचललेला असेल, तर चाके एंजिन फिरवितात आणि इंधनपंप इंधन सोडीत नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक पंपाला ही आज्ञा दिलेलीच असते; जुन्या यांत्रिक गव्हर्नरचा पंपही, एंजिन संथ वेगाहून जलद फिरत असेतो, हेच करीत असे. उलट न्यूट्रलमध्ये एंजिनाला स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी थोडे का होईना, डिझेल जाळावेच लागते. म्हणजे खड्या उतारावर बचत होते ती गिअरमध्ये. न्यूट्रलमध्ये खर्च होतो. अगदी सौम्य उतारावर, जेथे गिअरमधली गाडी मंदावते आणि मोकळी गाडी पुढे धावते, तेथे न्यूट्रलने काही थेंब वाचतात, हे नाकारण्याचे कारण नाही. त्या अनुभवावरूनच ही सवय जडली असावी. परंतु सवय उतार मोजून लागू होत नाही. एंजिन बंद केले तर हवा भरणारा कंप्रेसर थांबतो, ब्रेकच्या प्रत्येक दाबाबरोबर टाकीतली हवा कमी होत जाते, आणि सुकाणूला मिळणारे साहाय्यही जाते. सर्वांत अवघड क्षणी गाडीची तीनही अवसाने एकदम गळतात.

ट्रेलरमुळे या सगळ्यात एक भर पडते. एंजिनाचा अडसर फक्त घोड्याच्या मागच्या, ओढणाऱ्या चाकांवर लागतो. ट्रेलर मात्र आपल्या भाराने मागून ढकलीत असतो. कोरड्या रस्त्यावर याने बिघडत नाही. पावसाळ्यात, विशेषतः ट्रेलर रिकामा असून घोड्याच्या चाकांवर भार कमी असताना, जोराचा एंजिन-ब्रेक त्या चाकांना घसरवितो. मग मागचा ढकलतो, पुढचा आडवा होतो, आणि चाकूचे पाते मुठीत मिटावे तशी जोडगाडी किंगपिनभोवती मिटते. म्हणून ओल्या घाटात वेग आधीच आणखी कमी ठेवावा, एक्झॉस्ट ब्रेक बेताने वापरावा आणि पायाचा ब्रेक सर्व चाकांना सारखा लागेल असा, वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावावा. काही गाड्यांत केवळ ट्रेलरचे ब्रेक लावणारी हातातली दांडी असते. तिने घाटभर गाडी धरून ठेवणे म्हणजे सगळी उष्णता निम्म्या ड्रमांत कोंबणे होय.

पायाचा ब्रेक लागलाच तर तो कसा लावावा याविषयी मतभेद आहेत. हलका पाय सतत ठेवावा असे काही म्हणतात. एकूण उष्णता दोन्ही रीतींनी तेवढीच, हे त्यांचे म्हणणे गणिताने खरे आहे. पण हलक्या दाबाला दहाही ब्रेक सारखे लागत नाहीत. जे घट्ट बसविलेले असतात तेच सारे काम करतात आणि तेच आधी जळतात. ठरविलेल्या वेगाच्या वर गाडी गेली की एकदा पुरेसा जोर देऊन ताशी आठ-दहा किलोमीटरने वेग उतरवावा आणि पाय पूर्ण उचलावा. यात सर्व ब्रेकांना वाटा मिळतो व मधल्या वेळात ते निवतात.

चढाविषयी थोडक्यात. गाडी सुरू करताना हातब्रेक लावून, पहिल्या गिअरमध्ये, क्लच पकडू लागल्याचे जाणवल्यावरच ब्रेक सोडावा. उतारावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरण्याने तबकडी काही क्षणांतच करपते. चढावर गिअर बदलताना क्लच दाबलेल्या दोन सेकंदांत ही गाडी आपल्या वेगातले ताशी चार किलोमीटर गमावते. ताशी बारावर चाललेल्या गाडीचा हा तिसरा हिस्सा झाला, तेव्हा एंजिन गुदमरण्याची वाट न पाहता बदल आधीच करावा. समोरून येणाऱ्या चढत्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, या नियमामागे हेच गणित आहे. थांबलेला चढणारा पुन्हा निघताना फार हाल भोगतो.

मोकळ्या सुटलेल्या गाडीचा प्रश्न रेल्वेला मोटारीच्या कितीतरी आधी पडला होता. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याचा सर्वांत खडा चढ ३७ ला १ असा आहे. त्याला जागोजाग चढाच्या दिशेने जाणारे आडमार्ग ठेवले गेले. उतरणारी गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटेपर्यंत सांधा आडमार्गाकडेच असावयाचा, म्हणजे सुटलेली गाडी मुख्य मार्गावर न जाता चढावर चढून आपोआप थांबे. रस्त्याच्या घाटांत खडीचा जाड थर पसरलेल्या ज्या चढत्या वाटा बाजूला काढलेल्या आढळतात, त्यांचे तत्त्व हेच. ब्रेक गेल्याचे कळताच, वेग आणखी वाढण्यापूर्वी, अशा पहिल्याच वाटेत गाडी घालावी. पुढच्या वाटेची आशा धरू नये.

पायथ्याशी उतरल्यावर चाकांजवळ हात नेऊन पाहावे, लावू नये. एखाद्याच चाकाची धग इतरांहून फार अधिक असेल तर त्याचा ब्रेक घट्ट आहे. एखादे अगदी थंड असेल तर ते कामच करीत नव्हते आणि त्याचा भार इतरांनी वाहिला. दोन्हींची दुरुस्ती पुढच्या घाटाआधी व्हावयास हवी. जळक्या अस्तराचा वास येत असेल तर गाडी सपाट जागी, चाकांना उटी लावून उभी करावी. हातब्रेक तेव्हा लावू नये, कारण तापलेला ड्रम निवताना आकसतो व पट्ट्यांवर आवळून बसतो. ड्रमावर पाणी ओतण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तापलेल्या बिडाला एकाएकी थंड केल्याने बारीक तडे जातात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. अर्धा-पाऊण तास वाऱ्यावर उभे राहिले की ड्रम आपसूक निवतात.